हिवाळ्यासाठी बाइक उभी करताना पेट्रोलची टाकी: भरलेली की रिकामी?

उत्तरवारा (मिनियापोलिस), २० ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंडळी, इथे मिनेसोटात पानगळ संपत आली. आणखी दोन-तीन आठवड्यांत बर्फ सुरू होईल, रस्त्यावर मीठ पडायला लागेल, आणि मग एप्रिलपर्यंत मोटरसायकल गॅरेजात उभी. साडेपाच महिने. गॅरेजला हीटर नाही आणि जानेवारीत रात्रीचे उणे २५ ही इथे बातमीही होत नाही. बॅटरी, टायर आणि चेनवर आधीच्या धाग्यांत भरपूर बोलून झालंय, म्हणून हा धागा फक्त टाकीसाठी.

गाडी ६५० सीसीची टूरर आहे. इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटर नाही, टाकीत बसवलेला पंपच पेट्रोल ढकलतो. २० लिटरची पत्र्याची टाकी. गेल्या वर्षी मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून घालायचं औषध) घातलं, टाकी भरली, दुसऱ्या दिवशी गाडी प्रेशरच्या पाण्याने स्वच्छ धुतली, पुसली आणि कव्हर घालून ठेवली. एप्रिलमध्ये बटण दाबलं तर अर्धा मिनिट कशीबशी चालली, खोकली आणि बंद पडली. पुन्हा लागलीच नाही. तळाचं पेट्रोल नळीने काचेच्या बरणीत काढून गॅरेजच्या दारात ठेवलं. पाच मिनिटांत दोन थर झाले. वरचा पिवळसर आणि नितळ, खालचा बोटभर, पातळ ताकासारखा गढूळ. बरणी हलवली की एक व्हायचे, ठेवली की परत वेगळे. बॅटरीच्या उजेडात टाकीत पाहिलं तर पंपाभोवती नारिंगी कडं धरलेलं.

टाकी खाली उतरवली, साफ केली, पंपाची जाळी बदलली, आणि उन्हाळाभर गाडी बिनतक्रार चालली. पण टाकी पूर्ण भरलेली असताना इतकं पाणी आलं कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. या वर्षी पुन्हा तसंच होऊ नये. तुम्ही टाकी भरून ठेवता की रिकामी करून?

---

बुलेटकाका (पुणे), २१ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

भरूनच ठेवायची. टाकीत मोकळी जागा राहिली की तिथल्या हवेतली वाफ रात्री थंड पत्र्यावर जमते, थेंब खाली उतरतात आणि पेट्रोलच्या तळाशी बसतात. पाण्यापेक्षा पेट्रोल हलकं, हे आपण शाळेत शिकलोय. शिवाय दर पंधरा दिवसांनी पाच-सात मिनिटं गाडी चालू करत जा. माझी १९८७ची बुलेट मी तीन-तीन महिने अशी सांभाळली आहे.

---

रसायनी_मी (ठाणे), २१ ऑक्टोबर, दुपारी १.०५

काकांचं 'भरून ठेवा' बरोबर आहे, पण कारण थोडं तपासून बघूया.

समजा २० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे, म्हणजे आत १० लिटर हवा. २० अंशांना पूर्ण दमट हवेतही एका घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. मग १० लिटरमध्ये ०.१७ ग्रॅम. सगळी जमली तरी तीन-चार थेंब. रात्री गारव्याने आतली हवा आकसते आणि बाहेरची थोडी आत येते, पण तीही लिटरभर नाही. अख्खा हिवाळा हे रोज घडलं तरी हिशोब चमचाभराच्या पुढे जात नाही.

आता उत्तरवारांच्या पेट्रोलकडे बघू. मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं. १५ अंशांच्या आसपास असं पेट्रोल जवळजवळ अर्धा टक्का पाणी पचवतं. २० लिटरला हे झालं १०० मिली. थंडी वाढली की मर्यादा खाली येते. ती ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन वेगळं होतं आणि तळाला बसतं. बरणीतला तो ताकासारखा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ते पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण. पंप तळाचा हाच थर ओढतो, म्हणून गाडी खोकते. शिवाय इथेनॉल निघून गेल्यामुळे वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न पडता जळण्याची क्षमता) घसरतो.

थोडक्यात, दोन थर व्हायला पाऊण-एक कप पाणी लागतं. भरलेल्या टाकीत तेवढं हवेतून येणं शक्यच नाही. ते बाहेरून आत शिरलं आहे. कुठून, ते शोधायला हवं.

---

बुलेटकाका, २१ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

हिशोब पटला. पण मग गावाकडे रिकाम्या ठेवलेल्या टाक्या आतून लालभडक होतात, त्या कशाने? मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

---

रसायनी_मी, २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

काका, गंजायला कपभर पाणी लागत नाही, उघड्या पत्र्यावरचा ओलावा पुरतो. रिकाम्या टाकीत संपूर्ण पत्रा हवेला उघडा असतो, भरलेल्या टाकीत तो पेट्रोलखाली झाकलेला असतो. भरून ठेवण्याचं खरं कारण हेच. दुसरं म्हणजे हवा कमी असली की पेट्रोल उडून जाणं आणि हवेशी संयोग होऊन त्याचा चिकट डिंक बनणं, दोन्ही मंदावतं.

इंजिन अधूनमधून चालू करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी वीस-तीस किलोमीटर फिरली तर इंजिन आणि सायलेन्सर तापून सगळं निघून जातं. थंड गॅरेजात पाच मिनिटं चालवून बंद केलं, तर तेच पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये राहतं. पुण्यात तुम्ही निदान सिंहगड रस्त्याला एक फेरी मारून येऊ शकता, मिनियापोलिसमध्ये जानेवारीत ते शक्य नाही. तिथे एकदा बंद केली की एप्रिलपर्यंत बंदच ठेवावी.

---

गलबत (जयगड, रत्नागिरी), २१ ऑक्टोबर, रात्री १०.२०

माझा प्रश्न बर्फाचा नाही, पण दुखणं तेच आहे म्हणून इथेच लिहितो. मी बोटीवर असतो, एक काँट्रॅक्ट सहा-सात महिन्यांचं. घरी आरएक्स १०० आहे, माझ्या काकांनी १९९४ साली घेतलेली. या वेळी उतरलो तेव्हा ५० किका मारूनही चालू झाली नाही. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडला तर आत मधासारखा चिकट राप. टाकीतही तळाला गंज आहे. १२ नोव्हेंबरला पुन्हा जातोय. घरी बाबा आहेत, वय ७१. त्यांच्याकडून फार काही करून घेता येणार नाही. निघण्याआधी नक्की काय करून ठेवू?

---

वारणाकाठ (सांगली), २२ ऑक्टोबर, सकाळी ११.००

माझं २२ वर्षांचं गॅरेज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तरवारा. दादा, टाकीचं झाकण उघडा आणि झाकण बसतं त्या खळग्यात नीट बघा. गळ्याच्या रबराच्या बाहेर, कडेला एक बारीक भोक दिसंल, काडेपेटीच्या काडीएवढं. खळग्यात पडलेलं पावसाचं पाणी त्यातून नळीवाटे गाडीच्या खाली जातं. हे भोक चोंदलं की पाणी खळग्यात साचतं, आणि रबर जुनं असलं की थेंब थेंब टाकीत उतरतं. आमच्याकडं जून-जुलैत 'मिस फायर मारतिया' म्हणून गाड्या येतात, त्यातल्या कितीतरी ह्याच दुखण्याच्या. माती, कव्हरचे धागे, कोळ्याचं जाळं, काहीही अडकतं. तुम्ही प्रेशरनं गाडी धुतली म्हणताय, तीही टाकी भरल्यावर, आणि लगेच उभी केली. माझा सगळा संशय तिथं आहे. भोकात थोडं पाणी सोडा आणि खाली नळीतून येतंय का बघा.

आता गलबत भाऊ. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीपेक्षा कार्बोरेटर आधी मरतो. टाकीत दहा लिटर पेट्रोल असतं, ते हळूहळू शिळं होतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत असतं अर्धं फुलपात्र, ते दीड-दोन महिन्यांत उडून जातं आणि राप तेवढा मागं राहतो. स्लो जेट म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी, तिचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते पहिल्यांदा बुजतं. म्हणून जायच्या दिवशी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी चालू ठेवा. दोन-चार मिनिटांत ती आपोआप बंद पडंल. मग वाटीच्या बुडाचा स्क्रू ढिला करून उरलेलं थेंबभरही बाटलीत काढा. नुसतं बंद पडेपर्यंत चालवून वाटी पूर्ण रिकामी होत नाही, तळाशी थोडं राहतंच.

आणि एक. तुमच्या गाडीचा ऑइल पंप काढून टाकीत २टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) मिसळत असाल, तर वाटीत पेट्रोल उडाल्यावर ऑइलच तेवढं राहतं. तो राप आणखी चिवट. तुम्हाला दिसलेला मध तोच असणार.

जेट साफ करताना क्लच केबलची तार घालू देऊ नका, कुणी कितीही सांगू दे. पितळेचं भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. कार्ब क्लीनर आणि हवा, बास. फारच हट्टी असलं तर वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू.

---

उत्तरवारा, २३ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

वारणाकाठ दादा, काल ऑफिसातून आल्या आल्या गॅरेजात गेलो.

खळग्यात भोक आहे. इतकी वर्षं मी तिथे कधी पाहिलंच नव्हतं. प्लास्टिकच्या पिचकारीने त्यात चमचाभर पाणी सोडलं. खाली एक थेंब आला नाही, पाणी तसंच वर उभं. गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवली. चार इंचांवर अडली. जरा फिरवल्यावर राखाडी, ओलसर बोळा बाहेर आला, लहान बोराएवढा. तळहातावर पिंजून पाहिला तर कॉटनवूडचा कापूस. इथे जूनमध्ये या झाडांचा कापूस सगळीकडे उडत असतो, अंगणात बर्फासारखा पसरतो. वर धूळ बसून त्याचं बूच झालं होतं. बोळा निघाल्यावर पाणी सोडलं तर दोन सेकंदांत खाली मागच्या चाकापुढे टपटपलं.

मग झाकणाचं रबर बोटाने दाबून पाहिलं. बिजागरीच्या बाजूला बारीक चीर आहे. नवीन मागवलं.

उन्हाळ्यात त्रास का झाला नाही, तेही आता लक्षात आलं. थोडं थोडं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जळत गेलं असणार, कारण आठवड्याला टाकी रिकामी होऊन भरत होती. गेल्या नोव्हेंबरात मात्र धुण्याचं सगळं पाणी एकदम उतरलं, आणि वर कडाका पडला. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

---

रसायनी_मी, २३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

वा! वारणाकाठ, मी कागदावर गणित करून 'बाहेरून आलं' इथवर पोचले होते, तुम्ही एका वाक्यात जागा दाखवलीत.

उत्तरवारा, तुमच्या राज्यात एक सोय आहे, तिचा उपयोग करून घ्या. मिनेसोटात १९९७ पासून सगळीकडे इथेनॉलचं पेट्रोल सक्तीचं असलं, तरी जुन्या संग्राह्य गाड्या, मोटरसायकली, बोटी, स्नोमोबाइल आणि छोट्या इंजिनांना सूट आहे. काही पंपांवर त्यांच्यासाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम मिळतं, नळीवर तशी चिठ्ठी असते. शेवटची टाकी त्याने भरा. त्याचं आयुष्य जास्त, आणि थर वेगळे होण्याचा प्रश्नच नाही.

पण त्यालाही एक दुसरी बाजू आहे. बिनइथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. चमचाभर शिरलं तरी ते सरळ तळाला जाऊन पत्र्याला चिकटून बसतं, आणि तुमच्या थंडीत गोठतं. म्हणजे ते भोक आणि रबर आधी, पेट्रोल नंतर.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांचं. इथेनॉल जास्त तशी पाणी पचवायची ताकदही जास्त, पण थर वेगळा झालाच तर तोही मोठा होतो, आणि जुन्या गाड्यांची रबरं, नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नाहीत. १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल बिनइथेनॉलचं असतं, पण ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवरच, जयगडला मिळणार नाही.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरीही पाहता येतं. खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यात १० मिली पाणी घ्या, त्यावर ९० मिली पेट्रोल. झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून १९ च्या आसपास चढला तर १० टक्के, २८ च्या जवळ गेला तर २० टक्के. हे अंगणात करायचं, स्वयंपाकघरात नाही.

---

वारणाकाठ, २३ ऑक्टोबर, दुपारी २.१५

तिकडं मक्याचं इथेनॉल, हिकडं आमच्या उसाचं. कारखान्याला ऊस घालणारा शेतकरीही मीच आणि गाड्यांच्या टाक्या साफ करणाराही मीच, त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवणार नाही. फक्त उभ्या गाडीत ते सांभाळून ठेवावं लागतं, एवढंच सांगतो.

---

मेपलची_सावली (मिसिसागा), २३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

ओंटारिओतून माझे नऊ हिवाळे. पंपावर जाण्याआधी स्टॅबिलायझर टाकीत घाला आणि मग वर पेट्रोल भरा, आपोआप मिसळतं. भरून झाल्यावर घरापर्यंत किमान दहा-पंधरा मिनिटं चालवा. नाहीतर औषध टाकीत आणि इंजेक्टरमध्ये जुनंच पेट्रोल. इथे मिळणाऱ्या लाल स्टा-बिलचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस आहे, म्हणजे साडेनऊ लिटरला ३० मिली. २० लिटरला दोन औंसांहून किंचित जास्त. शिळ्या पेट्रोलला ते ताजं करत नाही, म्हणून महिनाभर पडलेल्या पेट्रोलमध्ये घालू नका.

आणि गळ्यापर्यंत भरू नका. वाढलेल्या तापमानाला पेट्रोल फुगतं.

---

रसायनी_मी, २३ ऑक्टोबर, रात्री ९.२०

अगदी. ५ अंशांचं २० लिटर पेट्रोल २५ अंशांवर गेलं की पावणेचारशे मिलीच्या आसपास वाढतं. ते जाणार कुठे? नव्या गाड्यांत टाकीची वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो, त्यात गेलं तर तो डबा बाद. टाकीच्या गळ्यात पत्र्याची कड खाली उतरलेली दिसते, तिच्या खालपर्यंतच भरायचं.

---

बुलेटकाका, २४ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

माझ्या बुलेटचंही झाकण काढून पाहिलं. अर्थात तिच्या झाकणाला खळगा नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण कॉक बंद करायची सवय मला कधीच नव्हती. रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडला तर जमिनीवरचा पेट्रोलचा डाग आज नव्हता. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत होती. या धाग्यामुळे कळलं.

---

गलबत, २४ ऑक्टोबर, दुपारी १२.००

वारणाकाठ दादा, कार्बोरेटर साफ करून घेतला. टाकीत २टी मिसळत होतो हेही खरं. आता टाकीतल्या गंजाचं काय? इथला मिस्त्री म्हणतो, खडी घालून हलवून काढू.

---

वारणाकाठ, २४ ऑक्टोबर, रात्री ८.३०

खडी नको. एक खडा कोपऱ्यात अडकला की वर्षभर खुळखुळतो आणि पत्र्याला आतून ओरखडे पडतात. घालायचंच झालं तर मोजून २० नट, आणि बाहेर काढताना पुन्हा मोजायचे.

गंज वरवरचा असंल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणा. कॉक काढून भोक रबरी बुचानं बंद करा. आधी टाकी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, नाहीतर ऑइलच्या थरावर लिंबूसत्व काम करत नाही. मग कोमट पाण्यात लिटरला ७०-८० ग्रॅम ह्या मापानं टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. पाणी चहासारखं होऊन बाहेर पडंल. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, मग साध्या पाण्यानं.

खरी घाई इथून पुढं. धुतलेला उघडा पत्रा तुमच्या कोकणातल्या हवेत अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होतो. हेअर ड्रायर किंवा कंप्रेसरच्या हवेनं वाळवा, आणि वाळली की लगेच कपभर २टी ऑइल आत घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. आजूबाजूला विडी-काडी नको. पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय ड्रायर लावू नका, जुन्या टाकीत वाफ दडून बसलेली असते.

नंतर तुमच्यासाठी दोन रस्ते. टाकी कडेखाली भरून, कॉक बंद, वाटी रिकामी. किंवा टाकी पूर्ण रिकामी आणि आतून ऑइल फिरवलेली. सात महिने, जुनी गाडी आणि २० टक्क्यांचं पेट्रोल, म्हणून तुम्हाला मी दुसरा सांगेन. अर्धवट भरलेली तेवढी ठेवू नका. उत्तरवारा दादांनी मात्र रिकामी करू नये. इंजेक्शनचा पंप पेट्रोलातच बुडून राहायला केलेला असतो, कोरडा पडला की त्याची रबरं आवळतात.

---

उत्तरवारा, २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२५

आज गाडी उभी केली. सकाळी ४ अंश होतं, ऊन स्वच्छ. गाडी मागच्या रविवारीच धुतली होती, बादली आणि फडक्याने, झाकणावर पाणी न मारता. आठवडाभर चालवून वाळवली. नवीन रबर बसवलं, खळग्यात पाणी सोडून खाली येताना पुन्हा एकदा पाहिलं. बिनइथेनॉलचा पंप घरापासून १४ मैलांवर सापडला. आधी स्टॅबिलायझर, मग पेट्रोल, कडेच्या बोटभर खाली थांबलो. येताना लांबच्या रस्त्याने आलो. प्लास्टिकचं कव्हर टाकून दिलं आणि जुनी सुती चादर घातली, ओल धरू नये म्हणून.

एप्रिलमधलं ते दोन थरांचं पेट्रोल अजून कॅनमध्ये होतं. ते हेनेपिन काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर देऊन आलो. इथल्या वाचकांनी ते गवतावर किंवा गटारात ओतू नये. आणि गॅरेजात गॅसचा गीझर असेल तर टाकी तिथे उघडू नका, अंगणात उघडा.

---

गलबत, ११ नोव्हेंबर, रात्री ११.०५

उद्या निघतोय. लिंबूसत्वाचा प्रयोग झाला, पाणी खरंच चहासारखं निघालं. आतला पत्रा आता राखाडी दिसतो, तळाला कुठे कुठे खड्डे आहेत पण भोक नाही. पेट्रोल सगळं काढून बाबांच्या स्कूटरमध्ये घातलं, २टी आत फिरवली, वाटी रिकामी केली. संध्याकाळी बाबांना पडवीत नेऊन कॉक दाखवला. म्हटलं, कुणी मागायला आलं तरी गाडी द्यायची नाही. त्यांनी स्वतः हात लावून तो बंद आहे ना ते पाहिलं आणि झाकणावर आईच्या जुन्या लुगड्याची घडी घालून ठेवली.